आधी काढून बघा : स्वतःची वेबसाइट स्वतः करणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : ‘साइटमध्ये आता आणखी काय घालू?’ आणि माझी उत्तरं मात्र फिरून फिरून ‘आधी काय काढता येईल ते बघा’ इथेच येत आहेत. काहींचा हिरमोड होईल, पण त्याला इलाज नाही. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत. सह्या ज्याच्या त्याने निवडलेल्या टोपणनावाच्या.

प्रश्न : मी मातीची भांडी घडवते. साइट करायला घेतली आणि टेम्प्लेट, म्हणजे साइटचा तयार आराखडा, निवडण्यातच अडकले. एक पसंत पडावं तर दुसरं त्याहून बरं वाटतं. निवडलेल्यात माझे फोटो आणि मजकूर घातला की ते नमुन्यासारखं दिसतच नाही. रंगसंगती चुकतेय का? – चाकावरची

उत्तर : रंगांवर खापर फोडू नका, त्यांचा काही दोष नाही. नमुन्यातले फोटो सगळे आडवे असतात, मथळे दोन-तीन शब्दांचे आणि परिच्छेद जेमतेम दोन ओळींचे. टेम्प्लेट करणाऱ्याने ते त्या चौकटींच्या मापानेच निवडलेले असतात. तुमची सुरई उभी, म्हणून तुमचा फोटो उभा. तुमचा मथळा ‘लाकडाच्या भट्टीत भाजलेली, हाताने घडवलेली भांडी’. तीन शब्दांच्या चौकटीत तो मावणार कसा? आडव्या चौकटीत उभा फोटो गेला की सुरईची मान छाटली जाणारच.

टेम्प्लेटची खिडकी बंद करा आणि कोरा कागद घ्या. लोक तुम्हाला फोनवर काय विचारतात ते आठवून लिहा : केवढं आहे, केवढ्याला आहे, मायक्रोवेव्हमध्ये चालतं का, पाठवताना फुटलं तर काय, मला हवं तसं करून द्याल का. जे सगळ्यात जास्त विचारलं जातं ते सगळ्यात वर. प्रत्येक प्रश्नाखाली, फोनवर सांगता त्याच भाषेत, उत्तर लिहा. झाली तुमची साइट! उरलं ते सजवणं.

मथळे काम करणारे हवेत. ‘आमचा प्रवास’ या मथळ्यातून कुणालाच काही कळत नाही, ‘भांडी कशी मागवायची’ यातून कळतं. स्क्रीनवर लोक शब्दन् शब्द वाचत नाहीत, पानावरून नजर फिरवतात. वेबसाइट वापरायला सोप्या कशा होतील याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी १९९७ साली लोकांना पानं वाचताना पाहून आकडा मांडला होता : नव्या पानावर नुसती नजर फिरवणारे ७९ टक्के, शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के. पडदे बदलले, फोन आले, तरी ही सवय काही सुटलेली दिसत नाही. फिरती नजर मथळ्यांवरच थांबते.

मजकूर तयार झाला की सगळ्यात साधं टेम्प्लेट उघडा आणि त्यात तीनच गोष्टी घालून बघा : तुमचा सगळ्यात लांब मथळा, सगळ्यात उभा फोटो, सगळ्यात मोठा परिच्छेद. एवढं ज्याला पेलेल ते तुमचं. आणि वरती आपोआप सरकणारी फोटोंची पट्टी असेल तर ती काढून एकच चांगला फोटो ठेवा. ती पट्टी करणाऱ्यालाच आवडते. बघणारा पहिला फोटो पाहतो आणि दुसरा यायच्या आत खाली सरकलेला असतो.

प्रश्न : एका पुस्तकावरून एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (त्याची मांडणी-सजावट) शिकून साइट केली. लॅपटॉपवर उत्तम दिसते. फोनवर मात्र अख्खं पान इवलंसं दिसतं आणि दोन बोटांनी मोठं करावं लागतं. एका मित्राने एक ओळ घालायला सांगितली. आता अक्षरं मोठी झाली, पण पान उजवीकडे सरकतं आणि कडेला पांढरी पट्टी दिसते. फोनसाठी वेगळी साइट करावी लागेल का? – निवृत्त ड्राफ्ट्समन

उत्तर : वेगळी साइट मुळीच नको. मित्राने सांगितलेली ओळ बरोबर आहे, ती व्ह्यूपोर्टची. २००७ साली आयफोन आला तेव्हा सगळी वेब मोठ्या पडद्यांसाठी केलेली होती. म्हणून फोनच्या ब्राउझरने युक्ती केली : पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरायचं, तसं मांडायचं आणि मग आक्रसून दाखवायचं. ‘मला आक्रसू नकोस, फोनची खरी रुंदी धर’ असं ब्राउझरला सांगणारी ती ओळ. ती प्रत्येक पानाच्या हेडमध्ये, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या न दिसणाऱ्या भागात, हवी.

तुमचा दुसरा घोटाळा मात्र त्या ओळीने केलेला नाही, तिने तो उघड्यावर आणला इतकंच. तुम्ही ड्राफ्ट्समन, म्हणजे माप नक्की असल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नसणार. मुख्य चौकटीला १२०० पिक्सेल रुंदी दिली असेल, बाजूच्या रकान्याला ३००, फोटोला ८००. कागदाचं माप ठरलेलं असतं तेव्हा हे शोभतं. इथे कागद कोणत्या मापाचा येणार ते आपल्या हातात नाही.

साधं एचटीएमएल मुळात लवचीकच असतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या संशोधन संस्थेत केलेली पहिली वेबसाइट आजही बघायला मिळते. ती लॅपटॉपवर उघडा आणि खिडकी अरुंद करत जा. ओळी आपसूक जुळवून घेतात, आडवं काहीही सरकत नाही, कारण कुणी रुंदी ठोकून बसवलेलीच नाही. (फोनवर तिची अक्षरं बारीक दिसतील. व्ह्यूपोर्टची ओळ त्यात नाही. १९९१ साली ती असण्याचा प्रश्नच नव्हता.) म्हणजे पान फोनवर चालावं म्हणून आपल्याला नवीन काही घालायचं नसतं, आपण जे मोडलं ते मागे घ्यायचं असतं.

आता मोडलंय कुठे ते शोधू. सीएसएसच्या फाइलमध्ये सगळ्यात वर एक तात्पुरता नियम लिहा : पानावरच्या प्रत्येक घटकाला एक पिक्सेलची लाल आउटलाइन. बॉर्डर नको, आउटलाइनच. बॉर्डर स्वतः जागा खाते आणि मापं हलवते. मग कॉम्प्युटरवर एफ१२ दाबून ब्राउझरची तपासणीची साधनं उघडा, फोनच्या आकाराचं दृश्य निवडा आणि उजवीकडे सरका. जी लाल चौकट पांढऱ्या पट्टीत शिरलेली दिसेल ती गुन्हेगार. बहुतेक वेळा तो फोटो असतो, नाहीतर तक्ता किंवा न तुटणारा लांबलचक वेबपत्ता.

इलाज सोपे आहेत. फोटोंना ‘मॅक्स-विड्थ’ १०० टक्के आणि ‘हाइट’ ऑटो. मुख्य चौकटीची ‘विड्थ’ काढा, तिथे ‘मॅक्स-विड्थ’ लिहा. या एका शब्दाने ‘इतकीच रुंद हो’चं ‘याहून रुंद होऊ नकोस’ होतं. बाजूचा रकाना अरुंद पडद्यावर खाली उतरू द्या. त्यासाठी मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे लागू होणारा सीएसएसचा नियम, लागेल, पण तुमच्यासारख्या साइटला एखादी पुरे. नियम आधी फोनसाठी लिहा आणि जागा मिळाली की रकाना बाजूला घ्या. उलट दिशेने गेलात तर नियमांवर नियम चढत जातात. या सगळ्याला ‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हणतात. ईथन मार्कट यांनी २०१० साली एका लेखात ते नाव दिलं, आणि फोनसाठी वेगळी साइट करायची तेव्हाची पद्धत त्यानंतर हळूहळू मागे पडली.

लाल नियम शेवटी आठवणीने पुसा.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. पक्ष्यांवर साइट केली. घरच्या कॉम्प्युटरवर पाचही फोटो दिसतात. सर्व्हरवर चढवल्यावर दोनच दिसतात. साइटचा पत्ता टाकला तर पान न उघडता फायलींची यादी येते. फाइल पाठवतोय. – पाखरू

उत्तर : तुझी फाइल उघडून बघितली. कोड नीटनेटका आहे, शाबास. गोंधळ सगळा नावांचा आहे.

खंड्याचा फोटो कॅमेऱ्यातून आला तेव्हा त्याच्या नावाच्या शेवटी ‘जेपीजी’ कॅपिटल अक्षरांत होतं आणि कोडमध्ये तू ते लहान अक्षरांत लिहिलंस. तुझ्या घरी विंडोज आहे, त्याला कॅपिटल आणि स्मॉल सारखंच. सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतात, त्यांच्या लेखी त्या दोन वेगळ्या फायली. घुबडाच्या फोटोचा पत्ता ‘सी’ ड्राइव्हपासून सुरू होतो. तो ड्राइव्ह तुझ्या टेबलावर आहे, सर्व्हरला तो कुठून सापडणार? फोटो ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव आणि पुढे फाइलचं नाव, एवढाच पत्ता पुरतो. तिसरा फोटो सुतारपक्ष्याचा. तो तू चढवायलाच विसरलायस.

यादी दिसते कारण तुझ्या मुख्य पानाचं नाव ‘होम’ आहे. नुसता साइटचा पत्ता टाकला की सर्व्हर ‘इंडेक्स’ नावाची एचटीएमएल फाइल शोधतो. ती नसेल तर काही सर्व्हर यादी दाखवतात, काही दार लावून घेतात. नाव बदल, यादी जाईल. पण बाकीच्या पानांवरून ‘होम’कडे जाणाऱ्या लिंकही बदल, नाहीतर पुढचं पत्र त्याचंच यायचं.

यापुढे फायलींची नावं इंग्रजी लहान लिपीत, मधे मोकळी जागा न सोडता, शब्द जोडायचे तर आडव्या रेघेने. फोटो दिसला नाही की एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ टॅब उघड आणि पान पुन्हा लोड कर. जी ओळ लाल होऊन पुढे ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, दाखवते तिच्यावर क्लिक कर. ब्राउझरने नेमका कोणता पत्ता मागितला ते अक्षरशः लिहिलेलं असतं. तो पत्ता आणि सर्व्हरवरचं नाव एकाखाली एक लिहिलंस की फरक डोळ्यांत भरतो. दुरुस्ती करूनही जुनंच दिसत राहिलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाब. ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत बाजूला राहते.

घुबडाचा फोटो झकास आलाय.

प्रश्न : मी ललित लेख लिहितो. साइटवर शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषाच तुटली. मजकुरात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतात. बरेच फाँट बदलून पाहिले, फरक नाही. शिवाय काही जुने लेख जुन्या फाँटात टाइप केलेले आहेत, ते साइटवर अगम्य चिन्हांसारखे दिसतात. – फुरसतीचा लेखक

उत्तर : अक्षरांमधलं अंतर शून्य करा आणि ती सोय विसरून जा. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, त्यांच्यात हवा सोडता येते. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, ती ओढली की रेषा तुटणारच. तुम्ही घेतलेलं टेम्प्लेट इंग्रजीसाठी केलेलं असेल तर तुम्ही काही न करताही शीर्षकांना थोडं अंतर दिलेलं सापडेल. सीएसएसमध्ये ‘लेटर-स्पेसिंग’ शोधा आणि दिसेल तिथून उडवा. शीर्षक ऐसपैस हवं असेल तर आकार वाढवा आणि त्याच्या वरती-खाली मोकळी जागा सोडा.

तिरपा टाइपही काढा. बहुतेक देवनागरी फाँटांना खरी तिरपी अक्षरं नसतात, ब्राउझर सरळ अक्षरांनाच ढकलून वाकवतो. ठळकचंही तसंच. ठळक वजनाची फाइल घेतली नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरावर शाई फासल्यासारखं काहीतरी करतो आणि ‘क्ष’ची पोकळी बुजून जाते. साधं आणि ठळक अशी दोन वजनं घ्या, त्याहून जास्त नकोत. देवनागरी फाँटात जोडाक्षरांचे आकार भरपूर असतात, त्यामुळे फायली वजनदार होतात आणि प्रत्येक जास्तीचं वजन वाचणाऱ्याच्या डेटातून जातं. ‘नोटो सॅन्स देवनागरी’ आणि ‘मुक्ता’ हे दोन्ही फाँट मोफत आहेत आणि लांब मजकुराला चांगले आहेत.

ओळी भिडतात याचा फाँटशी फारसा संबंध नाही, म्हणून बदलून फरक पडला नाही. रोमन मजकुराला ओळीची उंची अक्षराच्या दीडपट पुरते. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि उतरंडीची जोडाक्षरं. मजकुराला १.७ पासून सुरुवात करा, शीर्षकांना १.४. आकडा नुसता लिहा, पुढे पिक्सेल लावू नका, म्हणजे अक्षर मोठं केलं की अंतरही त्या प्रमाणात वाढेल. पारख करायला वरच्या ओळीत ‘मुलूख धुंडून’ आणि त्याच्या बरोबर खाली ‘कीर्तीची मैत्री’ येईल असं काही लिहून बघा. ते एकमेकांना लागले नाहीत तर तुमचे लेखही लागणार नाहीत. अक्षराचा आकार? ब्राउझरचा मूळ आकार १६ पिक्सेल आहे, मला देवनागरीला तो अपुरा वाटतो. मी १८ घेते.

आणखी एक छोटं काम, हे मात्र घालायचंच आहे. पानाच्या सुरुवातीला एचटीएमएलच्या खुणेत भाषा ‘एमआर’ लिहा. ज्या फाँटात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात तिथे ते आपोआप लागू होतात, आणि पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा ते कळतं. टेम्प्लेटात तिथे बहुतेक इंग्रजीचंच नाव असतं.

जुन्या लेखांचं दुखणं वेगळं आहे. त्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं. फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. शोधयंत्रालाही तेच दिसतं, म्हणजे तुमचा लेख मराठीत शोधून कुणाला सापडणारच नाही. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. तुमच्या जुन्या फाँटासाठीचा कन्व्हर्टर शोधा, त्यातून लेख काढा आणि मग पेन्सिल घेऊन बसा. रफार पुढच्या अक्षरावर सरकलेला सापडेल, पहिली वेलांटी भलत्या व्यंजनाला चिकटलेली सापडेल. मूळ प्रत शेजारी ठेवून वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्न : माझी साइट फोटोग्राफीची आहे. पांढऱ्या पानावर फिकट राखाडी मजकूर ठेवलाय, डोळ्यांना शांत वाटतो. आई म्हणते वाचता येत नाही. कोण बरोबर? – छायाप्रकाश

उत्तर : आई.

पण फोटोग्राफरला आकडे दिलेले बरे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या सुलभतेच्या नियमांनुसार मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ हवा. अक्षर मोठं, म्हणजे २४ पिक्सेल किंवा जास्त असेल तर ३ ला १ चालतो. तुमच्या राखाडीचा कोडमधला रंगक्रमांक ९९९९९९ आहे. पांढऱ्यावर तो जेमतेम २.८५ ला १ भरतो, म्हणजे मोठ्या शीर्षकालाही नापास. ७६७६७६ हा पांढऱ्यावर पास होणारा सगळ्यात फिकट राखाडी. मला विचाराल तर ४४४४४४ पर्यंत उतरा. तरीही काळ्यापेक्षा सौम्यच दिसेल. ब्राउझरच्या एफ१२ मधल्या रंगनिवडकात हे गुणोत्तर लिहून येतं, वेगळं काही बसवायला नको. तुमचा मॉनिटर भारी आणि खोली अंधारी असणार. तेच पान फोनवर, भर उन्हात उभं राहून वाचून बघा.

प्रश्न : पान उघडताच बासरी वाजावी असं वाटतं. कसं करू? – सूरवेडा

उत्तर : नका करू. न विचारता आवाज करणारी पानं क्रोम २०१८ पासून अडवतो, इतरही ब्राउझर तेच करतात. वाजवायचं बटण ठेवा. ज्याला ऐकायचंय तो दाबेल.

प्रश्न : ट्रेकिंगच्या साइटचं मुखपृष्ठ फोनवर उघडायला फार वेळ घेतं, आणि वाचायला लागलं की मजकूर अचानक खाली उडी मारतो. होस्टिंग (साइटच्या फायली ठेवायची जागा) महागाचं घ्यावं का? – डोंगरवेडी

उत्तर : पैसे खर्च करायच्या आधी एक गणित करू. फोनचा कॅमेरा ४००० गुणिले ३००० चा फोटो काढतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. तुमच्या पानावर तो ४०० पिक्सेल रुंद जागेत दिसतो. फोनचे पडदे दाट असतात, म्हणून तिप्पट धरू : १२०० गुणिले ९००, म्हणजे पावणेअकरा लाखांच्या आसपास. एकाच्या जागी तुम्ही अकरा पाठवताय आणि दहा वाया जातायत. असे डझनभर फोटो मुखपृष्ठावर असतील तर महागडं होस्टिंगही हात टेकेल.

सीएसएसने फोटो लहान दाखवला तरी फाइल तेवढीच राहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. चढवायच्या आधीच तो लहान करा. ‘स्क्वूश’ नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. डावीकडे मूळ, उजवीकडे लहान केलेला, मधली रेघ सरकवून ताडून बघायचं. फोटो वेबपी किंवा जेपेग ठेवा, गुणवत्ता ७५ च्या आसपास. आकाश आणि धुकं आधी बिघडतं, तिथे नजर ठेवा. पीएनजी नकाशा आणि रेखाटनांना चांगला, डोंगराच्या फोटोला तो फुकटचं ओझं. लोगो एसव्हीजी असू द्या.

मजकुराच्या उडीचं कारणही फोटोच. ब्राउझर आधी मजकूर मांडतो, मग वरचा फोटो येऊन थडकतो आणि सगळं खाली ढकललं जातं. प्रत्येक फोटोच्या खुणेत त्याची रुंदी आणि उंची लिहा. ब्राउझर तेवढी जागा आधीच राखून ठेवतो. खालच्या फोटोंना ‘लोडिंग लेझी’ लावा, म्हणजे तिथवर सरकल्यावरच ते येतील. सगळ्यात वरच्या फोटोला मात्र लावू नका, तो उलट उशिरा येईल. गूगलच्या मापाने पानावरचा सगळ्यात मोठा घटक अडीच सेकंदांत दिसायला हवा.

आणि भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारी ती पाटी, पानात रुतवलेला नकाशा, हवामानाची चौकट? एकेक काढून, दरवेळी पान पुन्हा उघडून बघा. नकाशाच्या जागी नकाशाची लिंक पुरते.

प्रश्न : चौकशीचा फॉर्म आयफोनवर भरायला गेलं की पान एकदम मोठं होतं आणि अर्धा फॉर्म बाहेर जातो. झूम बंद करणारी एक ओळ सापडली आहे, घालू का? – अर्जदार

उत्तर : घालू नका. ज्यांची नजर अधू आहे त्यांना झूम हवाच असतो. तुमच्या रकान्यांतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान आहे, म्हणून आयफोन ते मोठं करून दाखवतो. १६ करा, उडी थांबेल. तिथे असताना आणखी एक करा : ‘तुमचं नाव’ हे रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलंय ते बाहेर, वरती काढा. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं आणि मधेच फोन आला तर कोणता रकाना कशाचा ते कळत नाही. फोन नंबरच्या रकान्याचा प्रकार ‘टेल’ ठेवला की आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. आणि जन्मतारीख कशाला विचारताय? शुभेच्छा पाठवणार आहात का?

प्रश्न : आमच्या वाचनमंडळाची साइट एका ओळखीच्यांनी करून दिली. आता ते व्यग्र असतात, बदल होत नाहीत. पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असंही दिसतं. सगळं सोडून एखाद्या मोफत सेवेवर नव्याने सुरू करावं का? – ग्रंथपाल

उत्तर : तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत : डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे फायली ठेवायची जागा, आणि त्या फायली. त्या ओळखीच्यांना एकदाच गाठा आणि तिन्ही मागून घ्या. सगळ्यात आधी डोमेन, कारण फायली पुन्हा करता येतात, जागा बदलता येते, पण पत्ता दुसऱ्याच्या नावावर असेल तर तो तुमचा नाही. डोमेनचं खातं मंडळाच्या नावावर करून घ्या आणि मुदत कधी संपते ते लिहून ठेवा.

‘सुरक्षित नाही’ दिसतं ते सर्टिफिकेट, म्हणजे साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, नसल्यामुळे. क्रोम जुलै २०१८ पासून अशा प्रत्येक साइटवर तसं लिहितो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, बऱ्याच होस्टिंगच्या पॅनेलमध्ये त्याचं बटणच असतं. ते बसवल्यावरही इशारा राहिला तर एखाद्या फोटोचा पत्ता अजून ‘एस’ नसलेल्या जुन्या एचटीटीपीने सुरू होत असेल.

मोफत सेवा वाईट नाही. मंडळाचे कार्यक्रम आणि पुस्तकांची यादी एवढंच असेल तर ती पुरेल. पण तिने दिलेला पत्ता पत्रकांवर छापू नका, स्वतःचं डोमेन तिला जोडा. जिओसिटीज ही अशीच मोफत पानं देणारी सेवा होती. १९९४ साली सुरू झाली, लाखो लोकांनी तिथे पानं बांधली, १९९९ साली याहूने विकत घेतली आणि २००९ साली बंद केली. पत्ता स्वतःचा असेल तर सेवा बंद पडली तरी मजकूर दुसरीकडे मांडून पत्ता तिकडे वळवता येतो. त्यासाठी मजकूर आणि फोटो यांची एक प्रत मंडळाच्या कॉम्प्युटरवर हवी, निव्वळ त्या सेवेत नको.

डोमेनच्या खात्याला ईमेल देताना त्याच डोमेनवरचा देऊ नका. मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो, आणि नूतनीकरणाची पत्रं नेमकी तिथेच जात असतात. वेगळा ईमेल द्या आणि त्याचा पासवर्ड मंडळातल्या दोघांकडे तरी ठेवा.